गोठलेल्या घरातील ऊब

सुरतेच्या उन्हात तापलेली हवा वर चढते, तिच्या जागी तापीवरची झुळूक येते आणि अंग निवते. अंतराळातील भाररहित अवस्थेत ऊन हवा वर चढत नाही; पंख्याविना ती देहाभोवतीच साचते. एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा ज्यात राहिले, ते साल्यूत-७ हे सोव्हिएत स्थानक फेब्रुवारी १९८५ मध्ये मुके झाले. वीज संपून आतून गोठले. जूनमध्ये जानिबेकोव्ह व सावीनिख तेथे पोहोचले. पंखे बंद असल्याने उच्छ्वासही तोंडाभोवती साचे. जवळचे पाणी संपण्यापूर्वी काम उरकणे भाग होते. उबदार टोप्या घालून त्यांनी सौरपट्टे थेट विद्युत्घटांना जोडले. दिवे लागले, पंखे फिरले, बर्फ वितळला. आणि ते घर पुन्हा माणसाच्या वस्तीजोगे झाले.