ग्रंथविक्रेत्याचे दोन दिवस : नाकाडोंगरीकडून पाहतां

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यांत, तुमसरहून कटंगीकडे जाणाऱ्या बाजूस, नाकाडोंगरी नांवाचें गांव आहे. बावनथडी नदी तेथून दूर नाहीं आणि मध्यप्रदेशाची सीमाहि जवळच. आसपास डोंगरी बुजुर्ग, चिखला ह्या मँगनीजच्या खाणी आहेत. तुमसरपासून तिरोडीपर्यंत जो लोहमार्गाचा फांटा गेला तो ह्याच खनिजासाठीं होय. गांवाच्या नांवांतील 'नाका' हा शब्द पाहून तेथें एखादा भोंसलेकालीन जकातनाका उभा करण्याचा मोह संशोधकास होईल. परंतु केवळ नांवावरून इमारत बांधण्याची खोड आपल्या इतिहासलेखनास पुष्कळ जुनी आहे व ती वाढविण्याचें कारण नाहीं. प्रस्तुत लेखाचा विषय निराळा आहे. मराठी मुद्रित ग्रंथ पुण्यामुंबईस छापला गेला, हें आपण वारंवार लिहितों. तो अशा टोंकाच्या गांवापर्यंत कसा पोंचला, तेथें तो कोणीं विकला, आणि विकणाऱ्यानें तो वाचला कीं नाहीं, ह्याविषयीं मात्र आपल्या ग्रंथेतिहासांत चार ओळीहि सांपडत नाहींत. विक्रेत्याचे आठवड्यांतील दोनच दिवस, शनिवार व रविवार, घेऊन ह्या प्रश्नाकडे पाहण्याचा येथें प्रयत्न केला आहे.

आधीं त्या दोन दिवसांविषयीं. रविवारची सुटी ही आपल्या समाजांत फार जुनी गोष्ट नव्हे. सरकारी कचेऱ्या व शाळा ह्यांच्यामागून ती आली. मुंबईच्या गिरणी कामगारांस ती नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या चळवळीमुळें १८९० च्या जूनपासून मिळूं लागली. म्हणजे मुंबईसारख्या शहरांतहि श्रमिकाच्या रविवारास दीडशें वर्षें झालेलीं नाहींत. खेड्यांत आठवड्याची मोजणी बाजाराच्या दिवसावरून होत असे व पुष्कळ ठिकाणीं अद्यापि होते. दुकानदारास कायद्यानें आठवड्याचा एक दिवस बंद ठेवावयास लावलें तें त्याहून अलीकडचें आहे. मुंबई इलाख्यांत त्याविषयीं १९३९ सालीं कायदा झाला, आणि भंडारा ज्या मध्यप्रांत व वऱ्हाडांत मोडत होता तेथें १९४७ सालीं. परंतु पुस्तकांच्या दुकानाचा धंदा इतरांच्या सुटीवर चालतो. शाळामास्तर, कारकून, खाणीवरचा मुकादम हे मोकळे होतात तेव्हां विक्रेता कामास लागतो. सबब त्याच्या शनिवार-रविवारांत विश्रांति कोठें बसते व वाचन कोठें बसतें, हें शोधूनच पाहिलें पाहिजे.

मुद्रणापूर्वीं ह्या मुलुखांत ग्रंथ नव्हते असें नाहीं. श्रीचक्रधरांचे अनुयायी नीळभट्ट हे भांडारेकर म्हणजे भंडाऱ्याचे. महानुभाव पंथाच्या पोथ्या वैनगंगेच्या दोन्ही बाजूंस शतकानुशतकें लिहिल्या, जपल्या व सांकेतिक लिपींत झांकून ठेवल्या गेल्या. परंतु ती पोथी दुकानांत मांडावयाची वस्तु नव्हती. ती नकलून घ्यावयाची, गुरूकडून शिष्याकडे जावयाची. नकलणारा हाच तिचा पहिला वाचक, व त्याचें नांव शेवटीं समाप्तीच्या ओळींत येत असे. ही गोष्ट लक्षांत ठेवावी, कारण पुढें मुद्रित ग्रंथाच्या बाबतींत हीच ओळ नाहींशी झाली.

विक्रेता हा मुद्रणाबरोबर आला. खेड्यापाड्यांच्या बाजारांत व जत्रांत छापील मराठी पुस्तकें घेऊन बसणारे जे पहिले लोक, त्यांत मिशनऱ्यांचे फिरते विक्रेते प्रमुख होत. १८२७ मध्यें मुंबईस स्थापन झालेल्या ट्रॅक्ट अँड बुक सोसायटीसारख्या संस्थांचीं चोपडीं नाममात्र किंमतीस ते देत. त्यांचा हेतु धर्मप्रसाराचा होता व लोकांनीं तो ओळखलाहि होता. पण छापलेलें पुस्तक पैसे टाकून घेतां येतें, ही कल्पना बाजारांत रुळण्यास त्यांचाहि हातभार लागला, हें नाकबूल करण्यांत अर्थ नाहीं. दुसऱ्या बाजूनें गणपत कृष्णाजी ह्यांनीं शके १७५३ म्हणजे इ. स. १८३१ सालीं मुंबईस पंचांग छापलें. छापण्याच्या शाईंत चरबी असते म्हणून सोंवळे लोक छापील पोथीस शिवत नसत. तेव्हां त्यांनीं शाईंत तूप घालून ती अडचण दूर केली, ही हकीकत प्रसिद्ध आहे. आपले लेखक ती सुधारणेच्या इतिहासांतील एक गंमत म्हणून सांगतात. विक्रेत्याच्या दृष्टीनें मात्र तिच्यांतील मुद्दा वेगळा आहे. पंचांग ही दर वर्षीं जुनी होणारी व दर वर्षीं प्रत्येक घरास लागणारी वस्तु. काव्य एकदां घेतलें कीं तीन पिढ्यांस पुरतें. पंचांग पाडव्यानंतर पुन्हां घ्यावें लागतें. म्हणून पंचांग, त्याच्या जोडीस शिवलीलामृत-हरिपाठासारख्या पोथ्या, आणि पुढें शाळा निघाल्यावर क्रमिक पुस्तकें, पाट्या व लेखण्या, ह्यांवर मराठी ग्रंथविक्रेत्याचें पोट भरत आलें. ज्यास आपण वाङ्मय म्हणतों तें त्या दुकानांत वरच्या फळीवर राहिलें.

वरच्या फळीसाठींच ज्यानें दुकान काढलें असा एक विक्रेता आपल्या इतिहासांत होऊन गेला, व त्याच्या इतर कीर्तीमुळें त्याचें हें अंग झांकलें गेलें आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर (१८५०-१८८२) ह्यांची निबंधमाला १८७४ च्या जानेवारींत सुरू झाली. पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल १८८० च्या आरंभीं निघालें. ह्या अवघ्या सहा वर्षांच्या पट्ट्यांत त्यांनीं काव्येतिहास-संग्रहास हात लावला, चित्रशाळेच्या उभारणींत भाग घेतला, आणि 'किताबखाना' ह्या नांवाचें पुस्तकांचें दुकानहि काढलें. चरित्रकार पहिल्या गोष्टींस पानेंच्या पानें देतात आणि किताबखान्यास एक वाक्य. हा हिशेब चुकीचा आहे, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे. निबंधमालेंत 'वाचन' ह्या विषयावर स्वतंत्र निबंध आहे, आणि नव्या पुस्तकांचें कठोर परीक्षण हें तर मालेचें एक मुख्य अंगच. लोकांनीं काय वाचावें हें सांगणारा मनुष्य तेवढ्यावर न थांबतां तीं पुस्तकें लोकांच्या हातीं पडावीं म्हणून मोबदला मोजून घेणाऱ्या गादीवर बसण्यास तयार होतो, हें त्या काळच्या शास्त्री-घराण्यांतील पदवीधरास सोपें नव्हतें. टीकाकार चुकला तर त्याचें मत चुकतें. विक्रेता चुकला तर माल अंगावर पडतो. विष्णुशास्त्र्यांनीं आपलीं मतें ह्या दुसऱ्या कसोटीसहि लावून पाहिलीं, असाच ह्याचा अर्थ होतो.

ह्याच्या उलट टोंकास जावजी दादाजी (१८३९-१८९२) दिसतात. त्यांचें शालेय शिक्षण बेताचें. अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत खिळे घासण्यापासून त्यांनीं सुरुवात केली व १८६९ मध्यें निर्णयसागर छापखाना काढला. खिळ्यांची जाण त्यांस होती, संस्कृत काव्याची नव्हती. म्हणून ती जाण ज्यांस होती अशा पंडित दुर्गाप्रसाद व काशिनाथ पांडुरंग परब ह्यांस जोडून त्यांनीं १८८६ पासून 'काव्यमाला' चालविली. म्हणजे विष्णुशास्त्री वाचतां वाचतां दुकानाकडे आले, आणि जावजींनीं स्वतःचें नसलेलें वाचन नम्रपणें दुसऱ्याकडून घेतलें. दोहोंपैकीं श्रेष्ठ कोण, हा वाद व्यर्थ आहे. टिकलें तें निर्णयसागराचें काम, आणि किताबखान्याचें नांवहि आज थोड्यांस ठाऊक आहे, एवढें मात्र नमूद केलें पाहिजे.

आतां पुन्हां तुमसरच्या बाजूस येऊं. नागपुरापासून छत्तीसगडकडे जाणारा लोहमार्ग १८८० नंतरच्या दोनतीन वर्षांत झाला व पुढें तो बंगाल-नागपूर रेल्वेंत सामील झाला. १८७७ पासून हिंदुस्थानच्या टपालखात्यानें व्हॅल्यू पेएबल म्हणजे माल हातीं घेतांना पैसे देण्याची पद्धति सुरू केली. ह्या दोन गोष्टींनीं ग्रंथ दूर गेला हें खरें. परंतु त्याच गोष्टींनीं खेड्यांतील विक्रेत्यास बगल मिळाली, हेंहि तितकेंच खरें. पुण्याच्या मासिकांतील जाहिरात पाहून गांवचा मास्तर कार्ड टाकी आणि पोस्टमन पुस्तक आणून देई. गांवच्या दुकानदारास त्यांतला आणाहि मिळत नसे. त्याच्याकडे उरत तीं पंचांगें आणि पाट्या.

सरकारी नोंदींत तरी हा मनुष्य सांपडेल अशी आशा असते. १८६७ च्या २५ व्या कायद्यानें प्रत्येक छापील पुस्तकाची नोंद सुरू झाली व प्रांतोप्रांतींच्या त्रैमासिक याद्या निघूं लागल्या. त्या याद्यांत ग्रंथाचें नांव, भाषा, कर्ता, विषय, छापण्याचें ठिकाण, मुद्रक, प्रकाशक, पृष्ठें, आकार, आवृत्ति, प्रतींची संख्या, शिळाप्रेस कीं खिळे, किंमत व हक्काचा मालक, इतके रकाने आहेत. विक्रेत्याचा रकाना नाहीं. पोथीच्या समाप्तींत नकलणाऱ्याचें नांव असे. छापील पुस्तकाच्या यादींत पुस्तक वाचकापर्यंत नेणारा कोठेंच नाहीं.

ह्या अभावाचें दुसरें व अधिक खोल कारण विक्रेत्याच्या वाचनाच्या रीतींतच आहे. शनिवारीं शाळा सकाळची असते. ती सुटतांच मुलें वह्या, निबें, नकाशे घेण्यास येतात आणि दुपारपर्यंत दुकानांत उसंत नसते. संध्याकाळीं थोडे मोठे गिऱ्हाइक. रविवारीं गठ्ठे सोडणें, बिलें ताडून पाहणें, उधारी उतरवून घेणें, न खपलेला माल परतीसाठीं बांधणें. ह्या सर्वांच्या मधल्या फटींत तो वाचतो, आणि जें वाचतो तें विकावयाचें असतें. म्हणून तो पुस्तक पुरतें उघडीत नाहीं. पाठ मोडूं नये म्हणून अर्धवट धरतो. वेष्टणाला दुसरा कागद घालतो. कोपरा दुमडीत नाहीं, पेन्सिलीची रेघ ओढीत नाहीं. पूर्वीं पुष्कळ पुस्तकें न कापलेल्या पानांचीं येत. तीं तर त्यास दोन पानांच्या पोकळींत डोकावूनच वाचावीं लागत. इतर वाचकांच्या खुणांवरून, समासांतील टिपांवरून आपण वाचनाचा इतिहास लिहूं शकतों. विक्रेता हा एकच वाचक असा कीं, ज्याच्या धंद्याची अटच ही कीं त्यानें वाचल्याची खूण राहूं नये.

मग त्याच्या वाचनाचा पुरावा कोठें शोधावा? तो त्याच्या वह्यांत आहे. एखाद्या आडगांवच्या खरेदीवहींत एकाच कादंबरीच्या पांच प्रती दोनदां मागविलेल्या दिसल्या, तर त्यामागें दुकानदारानें ती रविवारीं वाचून सोमवारीं शिफारस केली असण्याचा संभव आहे. उधारीच्या वहीवरून कोणाच्या घरीं काय गेलें तें कळतें. परतीच्या याद्यांवरून त्याचा अंदाज कोठें चुकला तें कळतें. दप्तरांतील कागद वाण्याच्या पुडींत गेले म्हणून आपण आजवर हळहळत आलों. वाण्याचे स्वतःचे कागद पुडींत जातात तेव्हां आपण हळहळत नाहीं. प्रस्तुत लेखकानें वैनगंगेच्या खोऱ्यांतील एका गांवीं बंद झालेल्या पुस्तकांच्या दुकानाच्या वह्या पाहण्यास मागितल्या. घरच्या मंडळींनीं चहा दिला, आस्थेनें चौकशी केली आणि सांगितलें कीं, घर रंगविलें तेव्हां त्या रद्दींत दिल्या. त्यांचा दोष काय? त्या कोणी मागेल असें त्यांस आजवर कोणीं सांगितलेंच नव्हतें.

नाकाडोंगरीच्या बाजूस हें काम विशेष तांतडीचें आहे, त्यास कारण आहे. १९५६ च्या नोव्हेंबरपर्यंत भंडारा व बालाघाट हे दोन्ही जिल्हे नागपूर राजधानी असलेल्या एकाच राज्यांत होते व मराठी आणि हिंदी ह्या दोन्ही तेथें राजभाषा होत्या. त्या महिन्यापासून भंडारा द्विभाषिक मुंबई राज्यांत आला व १९६० सालीं महाराष्ट्रांत. बालाघाट मध्यप्रदेशांत राहिला. जो मुलूख एका बाजाराचा होता त्यांतून क्रमिक पुस्तकांची हद्द गेली. नदीच्या दोन्ही बाजूंच्या गिऱ्हाइकांस माल देणाऱ्या दुकानदारानें त्या वर्षीं कोणतीं पुस्तकें मागविलीं व कोणतीं अंगावर पडलीं, हें राज्यपुनर्रचनेच्या कोणत्याहि अहवालांत मिळणार नाहीं. मिळालें तर अशा वहींतच मिळेल. पुढें १९६७ च्या जानेवारींत पाठ्यपुस्तकमंडळ म्हणजे बालभारती स्थापन झाली व क्रमिक पुस्तकांच्या खाजगी प्रकाशकांचें युग आटोपलें. ह्या शतकांत पहिली ते आठवीचीं पुस्तकें सरकारी योजनेंतून शाळेंतच विनामूल्य मिळूं लागलीं. मुलांच्या दृष्टीनें हें उत्तमच झालें, त्याविषयीं दुमत नाहीं. पण ज्या खालच्या फळीच्या जोरावर वरची फळी उभी होती ती खालची फळी निघाली. लहान गांवांतून आतां दुकानाच्या पाटीवर 'पुस्तकालय' राहतें आणि आंत वह्या, भेटवस्तु व झेरॉक्सचें यंत्र.

तेव्हां तुमसर, गोबरवाही, नाकाडोंगरी, कटंगी ह्या टापूंतील वाचकांस विनंति अशी आहे. आपल्या किंवा शेजारच्या घरीं जुन्या पुस्तकविक्रीच्या खरेदीवह्या, उधारीखातीं, प्रकाशकांचीं पत्रें, रेल्वेच्या बिल्ट्या अथवा व्ही. पी. च्या पावत्या असतील, तर त्या रद्दीवाल्यास देण्यापूर्वीं जवळच्या सार्वजनिक वाचनालयांत किंवा संशोधनमंडळाकडे दाखवाव्या. विशेषतः १९५५ ते १९५८ ह्या चार वर्षांच्या वह्या, त्या फाटक्या असोत वा वाळवी लागलेल्या असोत, प्रथम पाहणें जरूर आहे.