संयम आणि वायदा : १८६५ च्या मुंबई शेअर संकटाचा एक अन्वयार्थ

पतंजलींच्या अष्टांगयोगात यम प्रथम येतात, आसन नंतर. अपरिग्रह हा यमांपैकीच एक. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील नेवासे येथे शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातही आहार, निद्रा व कर्म यांच्या मापाचा विचार आहे. योगातील संयम म्हणजे केवळ मनःशांती नव्हे, तर आधीच ठरविलेली मर्यादा होय.

अमेरिकन यादवी युद्धामुळे (१८६१-६५) मुंबईच्या कापसाला अपूर्व भाव आला. बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा ५,००० रुपये भरणा झालेला शेअर ५०,००० रुपयांपर्यंत चढला. वायद्यामुळे गाठीशी पैसा नसतानाही खरेदी करता येई. बँक ऑफ बॉम्बेने शेअरांच्या तारणावर सढळ कर्जे दिली. सारा दोष प्रेमचंद रायचंद यांच्या लोभावर टाकणे सोयीचे, पण अपुरे आहे. मर्यादा राखणे हे जिचे कामच होते, त्या बँकेनेच ती सोडली. युद्ध संपले, कापूस कोसळला आणि १ जुलै १८६५ रोजी मुदत भरलेले वायदे पुरे होऊ शकले नाहीत.

तेजी ओसरल्यावर शेअर बाजाराशी संबंध नसलेल्या कुणब्याचीही पत आटली. सारावाढीची त्यात भर पडली. मे १८७५ मध्ये सुपे येथे उसळलेले दख्खनचे दंगे अहमदनगर जिल्ह्यातही पसरले. त्याच वर्षी जुलैत मुंबईच्या शेअर दलालांनी आपली संघटना स्थापन केली.