गेटिसबर्गची साक्ष कोणी लिहिली?

अमेरिकेच्या यादवी युद्धातील गेटिसबर्गच्या लढाईवर जितके लिहिले गेले, तितके फार थोड्या लढायांवर लिहिले गेले असेल. 1 ते 3 जुलै 1863 या तीन दिवसांत पेनसिल्व्हेनिया राज्यातील या गावाभोवती दोन सैन्ये भिडली. एकीकडे गुलामगिरी वाचवण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणेच्या राज्यांचे, जनरल लीचे सैन्य होते. दुसरीकडे संघराज्याचे, जनरल मीडचे. ठार, जखमी, कैद आणि बेपत्ता मिळून सुमारे 51,000 माणसे या लढाईत खर्ची पडली. गावाची लोकसंख्या होती जेमतेम 2,400.

या लढाईची मोठी संपत्ती म्हणजे सामान्य माणसांनी लिहून ठेवलेल्या साक्षी. फ्रँक हॅस्केल या संघराज्याच्या तरुण अधिकाऱ्याने तिसऱ्या दिवसाच्या हल्ल्याचे वर्णन भावाला लांबलचक पत्रात लिहिले. पुढच्याच वर्षी तो दुसऱ्या लढाईत मारला गेला. सारा ब्रॉडहेड या गृहिणीने रोजनिशी ठेवली. गोळीबार चालू असताना तिचा नवरा परसात जाऊन शेंगा तोडून आणतो, का, तर शत्रूच्या हाती त्या लागू नयेत म्हणून! पंधरा वर्षांच्या टिली पियर्सने जखमींना पाणी पाजले आणि पुढे 1889 साली त्या आठवणींचे पुस्तक काढले. जेनी वेड ही वीस वर्षांची मुलगी घरात भाकरीची कणीक मळताना गोळी लागून मेली. तिला स्वतः सांगता आले नाही, पण तिची हकीकत सगळ्या गावाने सांगितली. आज ते घर पाहायला पर्यटक जातात.

या साक्षी खऱ्या आहेत, मोलाच्या आहेत. पण त्या वाचताना एक प्रश्न विचारलाच पाहिजे. ज्यांच्या गुलामीवरून हे युद्ध पेटले, ती माणसे या कागदांत कुठे आहेत?

ती आहेत, पण पाठमोरी. टिली पियर्स लिहिते की शत्रू येतोय अशी आवई उठली की गावातले कृष्णवर्णीय लोक पाठीवर भलीमोठी बोचकी घेऊन डोंगराकडे पळत. मागून लहान मुले आपापली गाठोडी सावरत, मोठ्यांना गाठायची धडपड करत. हे तिला पुढे कित्येक वर्षे आठवत राहिले. पण वर्णनात एक प्रकारची गंमतही डोकावते. ती माणसे इतकी का घाबरली होती, हे गोऱ्या घरातल्या मुलीला पुरते उमगले नव्हते. गोऱ्या कुटुंबांना भीती होती कोंबड्या, घोडे आणि धान्य जाण्याची. कृष्णवर्णीय कुटुंबांना भीती होती आपणच उचलले जाण्याची.

ही भीती पोकळ नव्हती. गेटिसबर्गच्या पश्चिमेला चेंबर्सबर्ग हे गाव आहे. तिथल्या रेचेल कॉरमनी या बाईने जून 1863 च्या रोजनिशीत नोंदवले आहे की दक्षिणेचे घोडेस्वार कृष्णवर्णीय बायामुलांना शोधून काढत होते आणि गुरे हाकावीत तसे हाकत नेत होते. तिचा नवरा संघराज्याच्या सैन्यात होता. लहान मूल सांभाळत राहणारी ती हे पाहत होती. ग्रीनकॅसल गावच्या लोकांनी असा एक तांडा अडवून काहींना सोडवले, हेही खरे. पण असे भाग्य सगळ्यांच्या वाट्याला आले नाही. शेकडो माणसे दक्षिणेत नेली गेली. त्यांत मालकाकडून पळून आलेले होते, तसे पेनसिल्व्हेनियात स्वतंत्र म्हणून जन्मलेलेही होते. त्वचेचा रंग पाहिला गेला, कागद नाही.

कोणी म्हणेल, हे काही उनाड शिपायांचे काम असेल. नाही. 1 जुलैला, म्हणजे लढाईच्या पहिल्याच दिवशी, जनरल लाँगस्ट्रीटच्या कार्यालयातून जनरल पिकेटला लेखी सूचना गेली. तीत पकडलेल्या कृष्णवर्णीयांना पुढील विल्हेवाटीसाठी सोबत आणावे, असे म्हटले होते. ज्या पिकेटच्या नावाने तिसऱ्या दिवसाचा ‘शूर’ हल्ला ओळखला जातो, तोच हा पिकेट. व्हर्जिनियाचा कर्नल विल्यम ख्रिश्चन बायकोला पत्रात सांगतो की पकडलेल्या माणसांतून हवे ते निवड, असे त्याला सांगण्यात आले होते. घरी पोचवता येणार नाहीत म्हणून त्याने घेतले नाहीत. त्या गरिबांना घरातून ओढून नेणे मनाला पटले नाही, असेही तो पुढे लिहितो. आधी वाहतुकीची अडचण, मग माणुसकी. हा क्रमच सगळे सांगून जातो.

दक्षिणेची राज्ये केवळ ‘राज्यांच्या हक्कांसाठी’ लढली असे आजही सांगितले जाते. ते खोडून काढायला वेगळा युक्तिवाद नको. त्यांच्याच अधिकाऱ्यांची पत्रे पुरेशी आहेत.

आता त्याच रणभूमीवरचे एक शेत पाहा. तिसऱ्या दिवसाचा हल्ला ज्या टेकाडावर आदळला, तिथे अब्राहम ब्रायन या स्वतंत्र कृष्णवर्णीय शेतकऱ्याची बारा एकर जमीन होती. सैनिकांच्या हकीकतींत ते एक ‘लहानसे पांढरे घर’ आहे, मोर्चाची खूण. ब्रायन कुटुंब जीव वाचवायला निघून गेले होते. परत आले तेव्हा घराची चाळण झालेली, कुंपण गेलेले, पीक तुडवलेले. त्याने सरकारकडे 1,028 डॉलरची भरपाई मागितली. मिळाले 15 डॉलर. भरपाईचा तो अर्ज हीच ब्रायनची साक्ष म्हणायची.

लढाईनंतर हजारो प्रेते उथळ खड्ड्यांत पडली होती. संघराज्याच्या सैनिकांसाठी राष्ट्रीय स्मशानभूमी ठरली, तेव्हा तीन हजारांहून अधिक प्रेते उकरून, पेट्यांत भरून तिथे नेण्याचे काम बेसिल बिग्ज आणि त्याच्या कृष्णवर्णीय सहकाऱ्यांनी केले. हा बिग्ज मेरीलँडमधून पेनसिल्व्हेनियात आला होता तो मुलांना शाळेत घालता यावे म्हणून. 19 नोव्हेंबर 1863 रोजी लिंकनने तिथे केलेले छोटे भाषण जगाला पाठ झाले. त्या कबरी भरणारे हात कोणाचे, हे किती जणांना ठाऊक आहे? पुढे याच संघराज्यासाठी लढून आलेल्या गावच्या कृष्णवर्णीय सैनिकांना मात्र वेगळ्या स्मशानभूमीत मूठमाती मिळाली. दुसऱ्यांची प्रेते उचलायची, पण शेजारी निजायचे नाही. ही रीत आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

साक्षींचा हा असमतोल आपोआप झालेला नाही. दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणे हा कायद्याने गुन्हा होता. आधी अक्षर काढून घ्यायचे आणि नंतर विचारायचे, तुमचा लेखी पुरावा कुठे आहे? 1913 साली लढाईच्या पन्नासाव्या वर्षी 50,000 हून अधिक म्हातारे सैनिक गेटिसबर्गला जमले. जुन्या शत्रूंनी दगडी भिंतीवरून हस्तांदोलन केले. राष्ट्राध्यक्ष विल्सनचे भाषण झाले. त्याच वर्षी विल्सनचे सरकार आपल्या कचेऱ्यांत कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांना वेगळे बसवू लागले होते. दोन्ही बाजूंच्या आठवणींचा समेट झाला तो तिसऱ्याची आठवण बाजूला सारून. योगायोग असा की त्याच जुलै महिन्यात भीमराव आंबेडकर नावाचा विद्यार्थी कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी न्यूयॉर्कला उतरला.

जोतीराव फुल्यांनी गेटिसबर्गनंतर दहा वर्षांनी, 1873 साली, ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांची मुक्तता करणाऱ्या सज्जनांना अर्पण केला. त्याआधी 1855 सालीच त्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे ही मातंग समाजातली मुलगी मांग-महारांच्या दुःखाविषयी स्वतःच्या हाताने लिहून गेली होती, आणि ‘ज्ञानोदया’ने ते छापले होते. टिली पियर्सने पळणारी माणसे पाहिली. मुक्ता त्या माणसांपैकीच होती, आणि तिच्या हाती लेखणी होती. फरक एका शाळेचा होता.

म्हणून रोजनिशा जरूर वाचाव्यात, पत्रेही वाचावीत. पण प्रत्येक पानाला विचारावे, की इथे जो धावतो आहे, ओझे वाहतो आहे, खड्डा खणतो आहे, त्याचे नाव काय? आणि आपल्या घरात अशी नावे सांगणारे कोणी अजून हयात असेल, तर आजच वही घेऊन त्यांच्यासमोर बसावे.