जवसाचे तेल आणि फ्लेमिश चित्रे

बीड जिल्ह्यातील काही शिक्षकांबरोबर बडोद्याच्या संग्रहालयाचे चित्रदालन पाहायला गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात १८६३ साली जन्मलेल्या आणि दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसलेल्या सयाजीराव गायकवाडांनी हे दालन उभारले. इमारत १९१४ मध्ये पुरी झाली. पण महायुद्धामुळे चित्रे युरोपातून यायला उशीर झाला आणि दालन उघडायला १९२१ साल उजाडले. या संग्रहात फ्लेमिश, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या उत्तर भागातील चित्रकारांची कामेही आहेत.

अशाच एका चित्रापुढे एका शिक्षिकेने विचारले, "सर, हे रंग इतके खोल कसे दिसतात?"

"तैलरंग आहेत, जवसाच्या तेलात कालवलेले," मी म्हणालो, "शोध यान व्हान आयक या फ्लेमिश चित्रकाराचा." शिक्षकांनी वह्यांत टिपून घेतले. उत्तराचा दुसरा भाग चूक होता, हे घरी येऊन पुस्तके चाळल्यावर लक्षात आले.

हे श्रेय व्हान आयकला दिले ते वाझारी या इटालियन चरित्रकाराने, १५५० साली. तोवर व्हान आयकला जाऊन शंभरावर वर्षे झाली होती. वाझारीची गोष्ट झकास आहे: वार्निश लावून उन्हात वाळत ठेवलेली लाकडी फळी तडकली, म्हणून चित्रकाराने सावलीत वाळणारे तेल शोधले आणि जवसापाशी येऊन थांबला. ही गोष्ट दोनशे वर्षे निर्धास्त चालली. मग १७७४ मध्ये लेसिंग या जर्मन लेखकाने थिओफिलस नावाच्या साधूचे बाराव्या शतकातले हस्तलिखित पुढे आणले. त्यात जवसाच्या तेलात रंग खलण्याची कृती आहे, आणि एक थर वाळल्याखेरीज दुसरा देता येत नाही, फार वेळ जातो, अशी कुरकुरही! २००८ साली तर अफगाणिस्तानातील बामियानच्या बौद्ध लेण्यांतील सातव्या शतकाच्या सुमाराच्या भित्तिचित्रांत वाळणारी तेले सापडल्याचे जाहीर झाले. रंगाचे सूक्ष्म कण फ्रान्समधील ग्रनोबल येथे क्ष-किरणांनी तपासले गेले. आपल्या अजिंठ्यात मात्र वाळलेल्या गिलाव्यावर सरसासारख्या पदार्थात कालवलेले रंग आहेत.

मग व्हान आयकचे काय? पारदर्शक रंगाचे पातळ थर एकावर एक देण्याची करामत त्याने कळसाला नेली. भज्यांचा कागद तेलाने पारभासक होतो ना, तेच इथे घडते. तेलाचा अपवर्तनांक हवेपेक्षा रंगकणांच्या अधिक जवळ असतो, त्यामुळे प्रकाश पृष्ठभागावरच विखुरत नाही. तो थरांतून आत जातो, खालच्या पांढऱ्या खडूच्या अस्तरावरून परततो आणि पुन्हा रंगातून गाळून बाहेर येतो. शिक्षिकेला दिसलेली खोली ती हीच.

जवसाचे तेल पाण्यासारखे उडून वाळत नाही. त्यातील निम्म्याहून अधिक मेदाम्ल लिनोलेनिक असते. त्याच्या रेणूत तीन दुहेरी बंध असतात. हवेतला ऑक्सिजन तिथे शिरकाव करतो, रेणू एकमेकांना जोडले जातात आणि घट्ट जाळे तयार होते. म्हणून वाळताना तेलाचे वजन घटण्याऐवजी वाढते! बॅटला जवसाचे तेल चोळणाऱ्या मुलांनी हे वाळणे हाताने अनुभवलेले असते. फ्लँडर्समध्ये हीच वनस्पती लिननच्या धाग्यासाठी पिकवत, आणि पुढे चित्राचे कापडही तिचेच झाले. आपल्याकडे तिची ओळख मुख्यतः चटणीची.

परतल्यावर त्या शिक्षकांना मी चुकीची दुरुस्ती पत्राने कळवली आणि सोबत एक प्रयोगही. काचपट्टीवर जवस, करडई आणि शेंगदाणा या तेलांचे पातळ थर द्यावेत आणि पट्ट्या उजेडात, हवेशीर जागी ठेवाव्यात. तेल घाण्याचे असावे. जवसाचे 'उकळलेले' म्हणून मिळणारे नको, त्यात वाळण्यास मदत करणारे क्षार असतात. रोज एका कडेला बोट लावून नोंद करावी. जवसाची पट्टी आधी चिकट होते, मग कातडी धरते. करडईची बरीच मागे राहते, पण तीही वाळते. जवसापेक्षा कमी पिवळी पडते म्हणून चित्रकार पांढऱ्या रंगासाठी ती पसंत करतात. शेंगदाण्याची पट्टी महिन्यानंतरही तेलकटच राहते. तिच्यावर धूळ तेवढी बसते.