पनवेलजवळ पोर्तुगीजांचं एक आख्खं शहर आहे, तुम्ही पाहिलंय का?

सलग सुट्ट्या आल्या की फेसबुक-इन्स्टावर लिस्बन आणि प्रागचे फोटो सुरू होतात. शेंगेन व्हिसा, विमानाचं तिकीट, हॉटेल असा हिशोब केला की आपण मुकाट्याने मोबाईल बाजूला ठेवतो. पण पनवेलहून साधारण ९० किलोमीटरवर, पेण-वडखळ-अलिबागमार्गे रेवदंड्याला गेलात, तर गाडी थेट पोर्तुगीज शहराच्या वेशीतून आत शिरते. हो, डांबरी रस्ता तटबंदीतूनच जातो!

रेवदंडा म्हणजे जुन्या चौल बंदराचाच भाग. वास्को-द-गामा १४९८ मध्ये कालिकतला पोहोचला. त्याच्या जवळपास तीस वर्षं आधी अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी चौलला उतरला होता. रेवदंड्यातल्या एका शाळेच्या आवारात त्याचं स्मारक आहे. अलिबागला जाणाऱ्या बहुतेकांना हे ठाऊकच नसतं.

पोर्तुगीजांची इथली सुरुवात मात्र पराभवाने झाली. १५०८ मध्ये चौलच्या खाडीत इजिप्त आणि गुजरातच्या एकत्रित आरमाराने त्यांना हरवलं. व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदाचा मुलगा लोरेन्सू त्यात मारला गेला. बापाने पुढच्याच वर्षी दीवला सूड घेतला. नंतर निजामशाहीच्या परवानगीने त्यांनी इथे किल्ला बांधला आणि त्याभोवती चर्च, मठ, घरं उभी राहिली. १५७०-७१ मध्ये त्याच निजामशाहीने या शहराला कित्येक महिने वेढा घातला, पण शहर पडलं नाही. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि १७४० मध्ये चौलही मराठ्यांकडे आलं.

आज तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, माणसं राहतात. त्यातच एका चर्चचा उंच मनोरा उभा आहे, गावकरी त्याला सातखणी म्हणतात. वरचे मजले कधीच पडलेत. भिंतींत झाडांची मुळं घुसलीत आणि गिलाव्यावर बदाम कोरून नावं लिहिलेली आहेत. फोटो जरूर काढा, पण भिंतीवर चढू नका. दगड सुटे झालेत.

खरी गंमत खाडीपलीकडे आहे. साळावचा पूल ओलांडून कोर्लईला जा. डोंगरावरचा किल्ला १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी निजामशाहीकडून घेतला. तो सकाळीच चढा, वर सावली फारशी नाही आणि पाणी सोबत हवंच. पायथ्याच्या गावातली कॅथलिक कुटुंबं घरात जी भाषा बोलतात, ती मराठी आणि पोर्तुगीजच्या मिश्रणातून तयार झाली आहे. ते तिला 'नोलिंग' म्हणतात, म्हणजे 'आपली भाषा'. राज्यकर्ते जाऊन पावणेतीनशेहून जास्त वर्षं झाली, तरी ती टिकली. पण मुलं मराठी शाळेत जातात, नोकरीसाठी मुंबई गाठतात, त्यामुळे ती पुढे किती काळ ऐकू येईल हा प्रश्नच आहे. तसे पाव, बटाटा, चावी, पगार हे शब्द आपणही पोर्तुगीजांकडूनच घेतलेत.

एसटीने जायचं तर पनवेलहून अलिबाग आणि तिथून रेवदंड्याची गाडी. स्वतःची गाडी असेल तर रविवारी दुपारी जेवण उरकून लगेच निघा. संध्याकाळी वडखळला अडकलात, तर घरी पोहोचेपर्यंत मध्यरात्र!