गंज, गांजा आणि सादळणे

धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्यात, ईटसारख्या गावी, 'गंज' हा एकच उच्चार कितीतरी वस्तूंना पुरतो. कडब्याची रचलेली गंज, चुलीवर पाणी तापवायचा गंज, पावसाळ्यात विळ्यावर चढलेला गंज. यांच्या शेजारी कोशात 'गांजणे' आणि 'गांजा' बसलेले दिसतात. हे सगळे एका घरातले की नुसते एका आळीतले, हे कोडे सोडवण्याजोगे आहे.

कडब्याची गंज फारसी 'गंज' म्हणजे ठेवा, साठा, खजिना याच्याकडे बोट दाखवते. बाजारगावांच्या नावांतला '-गंज' हाच. हा शब्द इस्लामी राजवटीबरोबर आला असे मात्र म्हणता येत नाही. बाराव्या शतकातल्या कल्हणाच्या राजतरंगिणीत खजिनदाराला 'गञ्जवर' म्हटले आहे. म्हणजे संस्कृतनेही तो इराणी शेजाऱ्याकडून पूर्वीच उचललेला असावा. लोखंडावरचा गंज वेगळा. फारसीत तांबेऱ्याला 'झंग', हिंदीत 'जंग'. त्यातले ज आणि ग यांनी मराठीत जागा बदलून घेतल्या असाव्यात. 'गांजणे' तिसरेच: संस्कृत 'गञ्जन', म्हणजे अवहेलना, वरचढ होणे. 'गांजलेला' माणूस आणि गांजा यांची सांगड बोलण्यात सहज घातली जाते. व्युत्पत्तीला तेवढा आधार दिसत नाही.

उरले पाण्याचा गंज आणि गांजा, आणि इथे खरी गंमत आहे. संस्कृत 'गञ्जा' या शब्दाचे कोशांतले अर्थ पाहावेत: मद्यशाळा, मद्याचे पात्र आणि ती वनस्पती. भांडे आणि झाड एकाच शब्दात नांदतात. नशेच्या जागेचे नाव आधी नशेच्या भांड्याला आणि मग नशेच्या झाडाला मिळाले असावे, हा तर्क मोहात पाडणारा आहे. तो खरा असेल तर स्वयंपाकघरातला गंज गांजाचा जवळचा नातलग ठरेल. ओढणाऱ्याला मराठीने 'गांजेकस' म्हटले, त्यातला '-कस' मात्र निःसंशय फारसी 'कश', म्हणजे ओढणारा. मूळ संस्कृत आणि प्रत्यय फारसी, ही जोडणी निजामाच्या मुलखात कुणाला परकी वाटली नसावी.

'गञ्जा'पेक्षा 'भङ्गा' कितीतरी जुना. अथर्ववेदात सोम ज्यांचा राजा आहे अशा पाच वनस्पतींत भङ्गाचे नाव येते. अवेस्तातला 'बंघ' आणि फारसीतला 'बंग' याच कुळातले दिसतात. १५६३ साली गोव्यात छापलेल्या गार्सिया द ऑर्टाच्या ग्रंथात तो 'बांग' होऊन पोर्तुगीजांच्या तोंडी बसलेला आढळतो. पण अरबीत पोहोचून 'बंज' होताना एक नवल घडले: तो खुरासानी ओव्याच्या विषारी झाडाला चिकटला. गुंगी तीच, झाड भलतेच.

हे नवल दूरचे वाटायला नको. आपला 'ताग' पाहा. हिरवळीच्या खतासाठी शेतात पेरून गाडतो तो पिवळ्या फुलांचा ताग, संस्कृतातला 'शण'. पोते ज्याचे असते तो बंगालचा ताग निराळ्याच कुळातला. दोऱ्याच्या कामात साम्य दिसले आणि नाव उडी मारून गेले. नावे झाडाच्या मुळाला बांधलेली नसतात. ती उपयोगाला बांधलेली असतात.

शास्त्रीय नावे तरी स्थिर असावीत, अशी अपेक्षा असते. 'इंडिका' हे नाव ती मोडते. १७५३ साली लिनियसने गांजाच्या झाडाला 'कॅनाबिस सटायव्हा' म्हटले. 'सटायव्हा' म्हणजे पेरलेली. १७८५ साली लामार्कने भारतातून आलेल्या नमुन्यांवरून 'कॅनाबिस इंडिका' वेगळी मांडली. त्याची इंडिका अरुंद पानांची, इकडच्या रानाशिवारातली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र अफगाणिस्तानातल्या बुटक्या, रुंद पानांच्या, घट्ट कणसांच्या झाडांना ते नाव लावण्यात आले. आज व्यापारात ज्याला इंडिका-प्रधान वाण म्हणतात, त्याच्या नावात हिंदुस्थान आणि अंगात हिंदुकुश आहे.

दमट हवेत हे वाण टिकत नाही; ते का, याचे उत्तर या नामांतरातच सापडते. कोरड्या डोंगरी हवेत घडलेले कणीस दाट असते. कोकणासारख्या हवेत त्याच्या पोटात ओल अडकते आणि आतून करडी बुरशी धरते. त्या बुरशीचे नाव 'बोट्रायटिस', ग्रीक 'बोट्रिस' म्हणजे द्राक्षाचा घोस. द्राक्षबागायतदाराला ती वेगळी सांगायला नको. १८९३-९४ च्या हेम्प ड्रग्ज आयोगाच्या चौकशीत मुंबई इलाख्यातल्या गांजाच्या लागवडीसाठी ठळकपणे पुढे येतो तो ईटच्या शेजारचा, पर्जन्यछायेतला तेव्हाचा अहमदनगर जिल्हा. त्यातही हवेचा हात असावा.

झाडाची कूज झाली. कापलेल्या मालाचे काय होते? तो 'सादळतो'. पापड, तंबाखू, काडेपेटी आणि गांजा यांना एकच क्रियापद लावणारी भाषा मोठी नेमकी म्हटली पाहिजे. भिजणे वेगळे, ओलावणे वेगळे. हवेतली ओल पिऊन कुरकुरीतपणा गमावणे ते सादळणे. याला दोन वाटा सुचतात. एक संस्कृत 'सार्द्र', ओलाव्यासह असलेला. 'आर्द्र'चे प्राकृतात 'अद्द' होते आणि 'ओल्ल'ही होते, ज्यातून आपला 'ओला' आला. दुसरी फारसी 'सर्द', ज्यातून 'सर्दी' आणि बोलीतले 'सर्दळणे'. अर्थ पहिल्या वाटेने सरळ जुळतो. र जपणारे रूप दुसरीकडे ओढते. 'दमट'चेही असेच: 'दम' म्हणजे श्वास, वाफ, आणि त्याला खारट-कुबटमधला '-अट' लागलेला असावा.

कायद्याने मात्र शब्दांचे जुने वाटे जपले आहेत. १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यात फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा आणि राळ म्हणजे चरस. शेंड्यांवाचूनची पाने व बिया गांजाच्या व्याख्येबाहेर, म्हणून भांग निराळी. लोकांनी झाडाचे भाग करून ठेवलेली नावे संसदेने उचलली. लागवडीला परवान्याविना बंदी आहे, पण व्याख्या गावच्या आहेत.

'सादळणे'चा निकाल मी 'सर्द'कडे झुकवतो, कारण फारसी शब्द दीर्घकाळ रुजलेल्या मुलखात र-युक्त रूप घडणे स्वाभाविक दिसते. पण भूम-परांड्याच्या जुन्या बायकांच्या बोलण्यात र ऐकू येतो की नाही, यावर तो निकाल उभा आहे. ज्या वाचकाच्या घरात अजून पापड वाळत घातले जातात, त्याने ते रूप ऐकून लिहून ठेवावे. या वादात त्या एका नोंदीचे वजन माझ्या तर्कापेक्षा जास्त आहे.