परदेशची विद्या आणि घोडकांठची पांढरी

मराठी खेड्यांत जमिनीचे दोन भाग मानण्याची वहिवाट फार जुनी आहे. जी पिकते ती काळी, आणि जिच्यावर गांव वसतें ती पांढरी. गांव उठून गेलें तरी पांढरी मागें राहते. पडलेल्या भिंतींची माती, चुलींची राख, फुटकीं मडकीं आणि गुरांचें शेण यांचे थर शेकडों वर्षें सांचत जातात व त्यांचें टेंकाड बनतें. शेतकऱ्यास ही माती खत म्हणून मोलाची वाटते आणि तो ती गाड्या भरभरून शेतांत नेतो. इतिहासाच्या अभ्यासकास हीच माती ग्रंथाप्रमाणें वाचतां येते. मात्र ती वाचण्याची विद्या अगोदर हस्तगत करावी लागते. ही विद्या महाराष्ट्रांत कोणत्या मार्गानें आली, आणि शिरूर-दौंडच्या टापूंत तिला कोणतें फळ आलें, ही हकीकत मनन करण्यासारखी आहे.

प्रादेशिक इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे शिलालेख, ताम्रपट, पोथ्या, बखरी व दप्तरें हींच पूर्वीं डोळ्यांपुढें येत. नाणेघाटांतील सातवाहनांचा लेख आणि त्या राजकुलाशीं निगडित असलेली प्राकृत गाथासप्तशती यांच्या मागें दृष्टि टाकली कीं अंधार लागे. दंडकारण्य ह्या एका पौराणिक नांवाखालीं हजारों वर्षांचा काळ झांकून टाकला जाई. जेथें अक्षर नाहीं तेथें इतिहास नाहीं, अशी जणूं समजूतच होऊन बसली होती.

ती समजूत घालविणाऱ्यांत हसमुख धीरजलाल सांकलिया यांचें नांव अग्रभागीं आहे. त्यांचा जन्म १० डिसेंबर १९०८ रोजीं मुंबईंतील गुजराती कुटुंबांत झाला. मुंबई विद्यापीठाची एम्. ए. ही पदवी घेतल्यावर ते लंडनला गेले, आणि तेथें त्यांनीं डॉक्टरेटच्या प्रबंधासाठीं विषय निवडला तो गुजरातच्या पुरातत्त्वाचा! आपल्याच प्रांताचा इतिहास शिकण्यासाठीं साता समुद्रांपलीकडे जावें, हें वरवर पाहतां विपरीत वाटतें. परंतु प्रांत आपला असला तरी त्याची माती उकरण्याची शास्त्रशुद्ध रीत त्या वेळीं येथें नीटशी रुजलेली नव्हती. ती रीत जेथें शिकवली जात होती तेथें जाणें प्राप्तच होतें.

इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यांत मेडन कॅसल नांवाचा एक प्राचीन मातीचा किल्ला आहे. १९३४ ते १९३७ ह्या वर्षांत मॉर्टिमर व्हीलर यांनीं तेथें उत्खनन चालविलें होतें. त्या कामांत विद्यार्थ्यांना हातीं खुरपें देऊन शिक्षण मिळे. लंडनच्या मुक्कामांत सांकलियांनींही तेथें अल्पकाळ काम केलें. व्हीलरांची पद्धति सांगण्यास सोपी, पण पाळण्यास कठीण होती. जमिनीवर चौकोन आंखावयाचे. दोन चौकोनांमध्यें माती न खोदतां आडवी भिंत राखावयाची. त्या भिंतीच्या उभ्या छेदांत दिसणाऱ्या प्रत्येक थरास क्रमांक द्यावयाचा. आणि सांपडलेली वस्तु कोणत्या थरांतली हें टिपल्यावांचून ती जागची हलवावयाची नाहीं. खालचा थर जुना व वरचा नवा, इतक्या साध्या तत्त्वावर सारी उभारणी. वस्तूचें सौंदर्य गौण, तिची जागा मुख्य. थर सुटला कीं सोन्याचें नाणेंही मुकें होतें आणि थर कळला कीं खापराचा तुकडाही बोलूं लागतो.

भाषेच्या प्रांतांतही असाच प्रकार घडला होता. मराठीच्या घडणीचा शास्त्रीय इतिहास झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडितानें लिहिला व तो १९२० मध्यें पॅरिस येथें प्रसिद्ध झाला. पॅरिसला अध्ययन केलेले वासुदेव गोपाळ परांजपे यांनीं १९४१ मध्यें तो मराठींत आणला. घरच्या वस्तूचें रूप कित्येकदां दुरून अधिक स्पष्ट दिसतें, याचीं हीं दोन उदाहरणें. तथापि दुरून रूप दिसलें तरी अंतरंग जवळ येऊनच कळतें. पुढील हकीकतीचा खरा बोध हाच आहे.

१९३४ मध्यें बंद पडलेलें पुण्याचें डेक्कन कॉलेज १९३९ मध्यें संशोधन संस्था म्हणून पुन्हां उघडलें आणि सांकलिया तेथें प्राध्यापक झाले. १९५०-५१ मध्यें संगमनेरजवळील जोर्वे येथें, व पुढें १९५४ पासून नेवासें येथें उत्खनन होऊन, तांब्याचीं व दगडाचीं हत्यारें एकाच वेळीं वापरणाऱ्या शेतकऱ्यांची एक संस्कृति उजेडांत आली. जोर्वे हेंच नांव तिला मिळालें. पण हे लोक राहत कसे, खात काय, त्यांच्यांत लहानथोर होते काय, हें कळण्यास उभा खड्डा पुरेसा नव्हता. गांवच्या गांव आडवें उघडावें लागणार होतें.

तें गांव शिरूर तालुक्यांत सांपडलें. पुण्याच्या पूर्वेस ऐंशी-नव्वद किलोमीटरांवर, घोड नदीच्या उजव्या तीरावर इनामगांवची पांढरी आहे. हीच घोड पुढें दौंडच्या परिसरांत भीमेस मिळते. सांकलिया, मधुकर केशव ढवळीकर व झैनुद्दीन अन्सारी यांच्या मार्गदर्शनाखालीं येथें १९६८ ते १९८३ या अवधींत बारा हंगाम उत्खनन झालें आणि शंभराहून अधिक घरें उघडकीस आलीं. इसवी सनापूर्वीं सुमारें १६०० पासून ७०० पर्यंत ही वस्ती नांदत होती. जव हें तिचें मुख्य धान्य. त्याखेरीज गहूं, मसूर व वाटाणा हींही पिकत. पुराचें पाणी वळविण्यासाठीं दगडी बांध घालून पाट खणलेला होता. पांच दालनांचें एक मोठें घर व त्याला लागून असलेलें धान्याचें कोठार आढळलें, त्यावरून तें गांवच्या मुख्याचें असावें असें संशोधकांनीं अनुमान केलें. मृत बालकांस दोन कुंभांत, तोंडास तोंड लावून, घरांतच पुरीत. मोठ्या माणसांस पुरतांना घोट्याखालीं पाय तोडीत. मात्र चार पायांच्या एका मातीच्या रांजणांत बसविलेल्या पुरुषाचे पाय शाबूत होते. तो मान्यवर असावा.

येथेंच परदेशच्या विद्येची सीमा आणि घरच्या ज्ञानाची आवश्यकता दिसून येते. घरांच्या जमिनींत चुन्यानें लिंपलेले खोल खड्डे आणि मातीचे वाटोळे ओटे मिळाले. त्यांचा थर कोणता हें मेडन कॅसलची रीत सांगूं शकते; परंतु खड्डा म्हणजे पेव आणि ओटा म्हणजे कणगीची बैठक, हें सांगण्यास मराठी शेतकऱ्याचें घर पाहिलेलें असावें लागतें. मुळा-मुठा व भीमा यांच्या संगमाजवळ, दौंड तालुक्यांतील वाळकी येथें त्याच काळची लहानशी वस्ती मिळाली. तिचा संबंधही शेताजवळ वाडी करून राहणाऱ्या कुणब्याच्या रिवाजाशीं जोडला म्हणजेच उलगडतो. पद्धति थोड्या दिवसांत शिकतां येते. अर्थ लागण्यास बारा हंगाम मातींत बसावें लागतें.

त्या अर्थांत आजच्या रहिवाशांस जिव्हाळ्याची एक गोष्ट आहे. इसवी सनापूर्वीं १००० च्या सुमारास हवामान कोरडें होत गेलें. चौकोनी प्रशस्त घरें जाऊन त्यांच्या जागीं लहान गोल झोपड्या आल्या. शेती खालावली, शिकारीवरचा भर वाढला, आणि शेवटीं लोक गांव सोडून गेले. शिरूर-दौंडच्या अवर्षणाची कथा अशी तीन हजार वर्षांची आहे, आणि ती कोणत्याही पोथींत लिहिलेली नव्हती.

इनामगांवचा सविस्तर अहवाल १९८८ मध्यें प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षीं, २८ जानेवारी १९८९ रोजीं, सांकलिया निवर्तले. परदेशीं जाणाऱ्या विद्यार्थ्यानें तेथून काय आणावें, याचें उत्तर त्यांच्या चरित्रांत आहे. त्यांनीं तेथून पाहण्याची शिस्त आणली व ती घरच्या मातीस लाविली. भीमा-घोडेच्या कांठीं आणखीही पांढरीचीं टेंकाडें आहेत. ग्रंथ जळाला तर त्याची दुसरी प्रत कोठें तरी मिळण्याची आशा असते. गाडींत भरून शेतांत पसरलेल्या पांढरीची दुसरी प्रत नसते. म्हणून ज्या गांवांत असें टेंकाड असेल तेथील सुशिक्षितांनीं तें राखण्याचा भार आपल्या शिरीं घ्यावा, हें उचित होय.